९५ सेंटिमीटरवरून शहर: एका लोकप्रिय संकल्पनेची चिकित्सा

‘बालस्नेही शहर’ हा विषय सध्या सिनॉप्सिसमध्ये वारंवार दिसतो. आर्किटेक्चर, नगररचना, समाजकार्य, मानवविकास, भूगोल अशा सगळ्या विभागांत कुणी ना कुणी त्यावर लिहिण्याच्या तयारीत असतं. विषय चांगला आहे, महत्त्वाचाही आहे. पण त्याला एक विचित्र अडचण आहे: त्याला विरोध करणारं कुणीच भेटत नाही. लहान मुलांसाठी शहर चांगलं नको, असं कोण म्हणेल? आणि जिथे सगळेच माना डोलावतात तिथे संशोधनाचा प्रश्न सापडणं कठीण जातं. मग सिनॉप्सिस मार्गदर्शक सूचनांचा सारांश बनतो, आणि व्हायवाला कुणीतरी विचारतं, “ठीक आहे, पण यात तुमचा प्रश्न कोणता?”

म्हणून आज एकच संकल्पना घेऊन तिची चिकित्सा करू. चिकित्सा करायची म्हणजे दोष काढत सुटायचं असं नाही. एखादी कल्पना काय पाहायला मदत करते, काय झाकते, आणि तिच्या दाव्याला पुरावा काय, एवढं नीट तपासायचं. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हेच करायचं असतं. तिथे ‘अमक्याने असे म्हटले, तमक्याने तसे म्हटले’ अशी यादी पुरत नाही.

कल्पना काय आहे?

नेदरलँड्समधल्या बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनने २०१६ च्या सुमारास ‘अर्बन९५’ हा उपक्रम सुरू केला. ९५ सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची. शहराची आखणी करणाऱ्यांनी, महापौरांनी, अभियंत्यांनी क्षणभर या उंचीवरून शहर पाहावं आणि मग निर्णय घ्यावेत, अशी साधी मागणी. यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक, शून्य ते पाच वर्षांचा गट वेगळा काढला. दुसरी, मूल एकटं धरलं नाही. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस ही जोडी एकक मानली.

भारतात पुणे, भुवनेश्वर आणि उदयपूर इथे हे काम आधी आलं. नंतर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी मिशनखाली, याच फाउंडेशन आणि डब्ल्यूआरआय इंडिया यांच्यासोबत ‘नर्चरिंग नेबरहुड्स चॅलेंज’ जाहीर झालं. त्यात पहिल्या टप्प्यात २५ शहरं निवडली गेली, त्यांत आपलं नागपूरही होतं. शहरांनी छोटे प्रयोग करायचे होते: अंगणवाडीबाहेरचा रस्ता, आरोग्य केंद्राचं आवार, बागेचा एखादा कोपरा, चौकातली पडीक जागा.

आधी या कल्पनेचं श्रेय तिला देऊ. एक आकडेमोड करून पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या सूचनांनुसार फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. ९५ सेंमीच्या मुलासाठी ही पायरी त्याच्या उंचीच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाएवढी होते. १६० सेंमीच्या माणसाला तेवढीच अडचण व्हायला पायरी २५ सेंमी उंच करावी लागेल. म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी मुलाला प्रत्येक वेळी हात धरूनच चढावं लागणार. आणि आपल्याकडचे कितीतरी फूटपाथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच आहेत, हे तुम्ही रोज पाहताच. पार्क केलेल्या गाड्यांच्या मागून रस्ता ओलांडणारं मूल चालकाला दिसत नाही, स्कूटरचा धूर नेमका त्याच्या तोंडाच्या पातळीला येतो, दुकानाचा काउंटर म्हणजे त्याच्यासाठी भिंत. हे सगळं डोळ्यांसमोर आणून देण्याची ताकद ‘९५’ या एका आकड्यात आहे. अभियंत्यांच्या बैठकीत असा आकडा दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम करतो.

आता पुढचं.

आकडा रूपक आहे की मोजमाप?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची मध्यक उंची ९५.१ सेंमी आणि मुलाची ९६.१ सेंमी आहे. म्हणजे ९५ हा आकडा बरोबर आहे. पण ‘निरोगी’ हा शब्द विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्राचा आकडा ३५.२ टक्के. तीन वर्षांची मुलगी ८७.४ सेंमीपेक्षा कमी असली की तिची गणना या गटात होते. म्हणजे आपल्या राज्यातल्या तीनातल्या एका मुलासाठी ९५ सेंमी हा डोळ्यांचा स्तर नाही, मानकानुसार गाठायला हवी होती ती उंची आहे.

इथे घाईघाईने ‘पाश्चात्त्य आकडा आपल्यावर लादला’ असं लिहून मोकळं होऊ नका. ही मानकं भारतासह सहा देशांतल्या मुलांच्या मोजणीवर बेतलेली आहेत. आणि खरं सांगायचं तर सात-आठ सेंमीच्या फरकाने बाकाची रचना फारशी बदलत नाही. मुद्दा वेगळा आहे. ९५ हे रूपक आहे, आणि रूपक म्हणून ते उत्तम आहे. ज्या क्षणी तुम्ही ते प्रबंधात व्हेरिएबल म्हणून वापराल, त्या क्षणी कुणाचं ९५, हे विचारावं लागेल. रूपक कुठे संपतं आणि मोजमाप कुठे सुरू होतं, ही रेष वाचताना पेन्सिलीने आखत जा. पुष्कळ अहवालांत ती रेष पुसट असते.

याला जोडूनच एक निरीक्षण, जे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. आपली सरकारी आकडेवारी या वयाच्या मुलांना कुठे कुठे पाहते? जनगणना शून्य ते सहा वयोगट वेगळा मोजते, कारण साक्षरता सात वर्षांपासून धरली जाते. २०११ मध्ये ही मुलं सुमारे १६ कोटी होती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्यांची उंची, वजन आणि लसीकरण नोंदवतं. पण दिवसाचे चोवीस तास कसे जातात हे विचारणारं राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षण सहा वर्षांपुढच्या व्यक्तींचंच आहे. थोडक्यात, बाळाचं शरीर मोजलं जातं, त्याचा दिवस मोजला जात नाही. तीन वर्षांचं मूल दिवसातला किती वेळ घराबाहेर असतं, कुठे असतं, कुणाबरोबर असतं, याची राष्ट्रीय पातळीवरची नोंद या सर्वेक्षणातून मिळत नाही. सार्वजनिक जागांबद्दलचे दावे नेमके याच गोष्टीबद्दल असतात. याला म्हणतात रिसर्च गॅप. ‘या विषयावर मराठवाड्यात अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य म्हणजे गॅप नव्हे, हे एकदा मनात पक्कं करून घ्या.

सांभाळणारं माणूस म्हणजे कोण?

इंग्रजी अहवालांत ‘केअरगिव्हर’ हा शब्द असतो. मराठीत आणताना आपण पटकन ‘पालक’ लिहितो आणि तिथेच घोटाळा होतो. पालक म्हणजे शाळेच्या दाखल्यावर सही करणारा. दिवसभर मूल ज्याच्या कडेवर असतं ते माणूस दुसरंच असू शकतं: आजी, मावशी, शेजारची काकू, पाळणाघरातल्या ताई, घरकाम करणारी बाई, आणि हो, नऊ-दहा वर्षांची मोठी बहीण. या लेखात मी ‘सांभाळणारं माणूस’ असंच म्हणतो. शब्द लांब आहे, पण निदान खोटा नाही.

२०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांना सांभाळण्याच्या कामात सहभागी होत्या, पुरुष २१.४ टक्के. जे हे काम करतात त्यांतल्या स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४ मिनिटं. त्यातही भाजी निवडताना मुलावर ठेवलेलं अर्धं लक्ष अशा सर्वेक्षणांत नीट पकडलं जात नाही, ही वेळ-वापर अभ्यासातली जुनी चर्चा आहे.

आता बालस्नेही जागांच्या मार्गदर्शिका उघडा आणि त्यातली चित्रं पाहा. बाकावर बसलेली, हसतमुख, रिकाम्या हातांची आई. समोर खेळणारं मूल. या चित्रात सांभाळणं हे फुरसतीचं काम आहे. पण शहरातल्या फार मोठ्या वर्गासाठी सांभाळणं कामासोबतच चालतं. भाजीवाली मावशी हातगाडीच्या सावलीत पोतं टाकून मुलाला बसवते. बांधकामावरची बाई वाळूच्या ढिगाऱ्याजवळ साडीची झोळी बांधते. त्यांना बाक देऊन उपयोग नाही. त्यांना हवं आहे नजरेच्या टप्प्यातलं सुरक्षित दोन चौरस मीटर, सावली, पाणी आणि जवळ संडास.

हे काही मी नव्याने सांगत नाही. बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’ या संस्थेचं काम दिल्लीत १९६९ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९४८ च्या कारखाना कायद्यातच, ५० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर हवं, अशी तरतूद आली होती. म्हणजे ‘काम करणारं सांभाळणारं माणूस’ ही कल्पना आपल्या कायद्यात आणि सामाजिक कामात अनेक दशकांपासून आहे. सार्वजनिक जागांच्या डिझाइनमध्ये मात्र ती पोचलेली दिसत नाही. दोन वाङ्मयं शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. अशी जागा दिसली की संशोधकाने कान टवकारायला हवेत.

यातून एक अस्वस्थ करणारा प्रश्नही निघतो. चौक ‘बालस्नेही’ करायचा म्हणून तिथल्या हातगाड्या हटवल्या तर काय होतं? फोटोत चौक छान दिसतो. पण हातगाडीजवळ वाढणारं मूल कुठे गेलं? पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे, बालस्नेही सूचना त्यानंतरच्या. दोन्ही एकाच फूटपाथबद्दल बोलतात. त्यांचा एकत्र विचार करणारा प्रबंध मला वाचायला आवडेल.

आणि ती नऊ वर्षांची बहीण. ‘फक्त पाच वर्षांखालील मुलांसाठी’ अशी पाटी लावली की सुरक्षारक्षक तिला हटकणार, कारण ती ‘मोठी’ आहे. तिच्या कडेवरचं बाळ मात्र पाटीप्रमाणे पात्र आहे. ती गेली की तेही गेलं. वयोगटानुसार कोपरे पाडण्यामागे सुरक्षिततेचं कारण आहे, ते मी नाकारत नाही. मोठी मुलं धावताना छोट्यांना लागतं. पण जी जागा भावंडांना एकत्र येऊ देत नाही, ती कोणत्या कुटुंबाची कल्पना करून आखली गेली, एवढं विचाराच.

बाग की अंगण?

दुसरा आक्षेप जागेच्या कल्पनेबद्दल आहे. आपल्याकडे मुलांची जागा म्हटलं की महापालिकेला बाग दिसते: कुंपण, फाटक, घसरगुंडी, झोपाळे, खाली रबरी फरशी आणि उद्घाटनाची पाटी. मोजायलाही सोपं, कारण ‘दरडोई मोकळी जागा’ या निर्देशांकात बाग धरली जाते, गल्ली नाही. पण तीन वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी किती लांब जाईल? त्याचं शहर म्हणजे घराचा जिना, गल्लीचं तोंड, वाण्याचं दुकान, अंगणवाडी, दवाखाना आणि बसस्टॉप. बाग एक किलोमीटरवर असेल तर ती बहुधा रविवारची गोष्ट ठरते, आणि रविवार आठवड्यातून एकदाच येतो. शिवाय अनेक शहरांत पालिकेच्या बागा सकाळ-संध्याकाळ उघडतात आणि दुपारी बंद असतात. अंगणवाडी सुटते त्या सुमाराला फाटकाला कुलूप. इथे नव्या डिझाइनची गरजच नाही, वेळापत्रकाची आहे. पण वेळापत्रकाचा फोटो चांगला येत नाही.

या बाबतीत दोन जुने दाखले तुम्हाला माहीत हवेत.

पहिला ॲमस्टरडॅमचा. वास्तुविशारद आल्डो व्हॅन आइक तरुणपणी तिथल्या महापालिकेत नोकरीला होता. १९४७ मध्ये बेर्टेलमनप्लेन या छोट्या चौकात त्याने पहिली खेळायची जागा केली. पुढच्या तीसेक वर्षांत शहरभर अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. वाळूचा हौद, लोखंडी दांड्या, काँक्रीटचे ठोकळे, एवढंच साहित्य. युद्धानंतर पडीक राहिलेल्या जागा, रस्त्यांचे कोपरे वापरले. बऱ्याच जागा नागरिकांनी पालिकेला पत्रं लिहून मागितलेल्या होत्या. आणि बहुतेकांना कुंपण नव्हतं. त्या रस्त्याचाच भाग होत्या. यातलं खरं डिझाइन वाळूच्या हौदात शोधू नका. ते संख्येत आणि अंतरात आहे: चालत जाता येईल इतक्या जवळ, शहरभर विखुरलेल्या. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये व्हॅन आइकच्या दांड्यांचे फोटो येतात आणि पत्रव्यवहाराची ती प्रशासकीय यंत्रणा एका ओळीत उरकली जाते. खरं तर दुसरी गोष्ट आपल्या पालिकांना जास्त उपयोगी पडेल.

दुसरा दाखला आपला. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचं केंद्र म्हणून ऐकतो. पण हा शब्द आणि ही पद्धत त्याआधीची आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते काम अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे लक्षात आल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. गुरं चारणाऱ्या मोठ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. म्हणजे मूल जिथे आहे आणि त्याला सांभाळणारं माणूस जे काम करत आहे, तिथे सोय न्यायची. मोठ्या बहिणीचा जो प्रश्न मी वर मांडला तो या मंडळींना त्या काळी भेटला होता, आणि त्यांनी पाटी लावून तो सोडवला नाही.

आज हीच अंगणवाडी शहरात अनेकदा भाड्याच्या एका खोलीत भरते आणि तिच्या नावातलं अंगण तेवढं गायब असतं. शहरी बालस्नेही जागांवर लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने या परंपरेकडे पाठ फिरवून फक्त ॲमस्टरडॅम उद्धृत करणं बरं नाही. पण उलट टोकही सांभाळा. ‘पूर्वी वाड्याच्या चौकात, चाळीच्या गॅलरीत मुलं आपोआप वाढायची’ असं हळवं वाक्य लिहिताना थांबा. त्या चौकात कुणाच्या मुलांना येऊ दिलं जायचं आणि कुणाच्या नाही? गॅलरीत सगळ्यांचं लक्ष असायचं म्हणजे नेमक्या कोणत्या बायकांचं? जात आणि स्त्रियांचे न मोजलेले श्रम बाजूला ठेवून केलेलं अंगणाचं कौतुक हे संशोधन होत नाही.

जेन जेकब्जने १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात, सुन्या क्रीडांगणापेक्षा माणसांनी गजबजलेला फूटपाथ मुलांसाठी अनेकदा चांगला, असं मांडलं. तो युक्तिवाद आपल्या गल्ल्यांना लगेच लागू होतो असं वाटतं. पण तिच्या डोळ्यांसमोरचे आदर्श फूटपाथ ३० ते ३५ फूट रुंद होते. आयआरसी १०३ मध्ये चालण्यासाठीची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर, म्हणजे सहा फुटांच्या आत. सिद्धांत उचलताना त्याची मापंही उचलून पाहा.

पुरावा कुठे आहे?

आता सर्वांत नाजूक भाग. प्रायोगिक प्रकल्पांच्या अहवालांत साधारण एक रचना असते: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, ‘वापर वाढला’ असं वाक्य. तुम्ही संशोधक म्हणून काय विचाराल?

पहिलं: मोजणी कधी केली? नव्या खेळण्याभोवती पहिल्या महिन्यात गर्दी होणारच. सहा महिन्यांनी, मे महिन्यातल्या दुपारी, पावसाळ्यात काय? रंगवलेला रस्ता आणि प्लास्टिकचे शंकू दुसरा पावसाळा पाहतात का?

दुसरं: कोण आलं? पुण्याचा जंगली महाराज रस्ता घ्या. तिथे फूटपाथ रुंद केले, बसायच्या जागा केल्या, मुलांसाठी खेळण्याची साधनंही ठेवली. काम उल्लेखनीय आहे. पण तो खरेदीचा रस्ता आहे. तिथे खेळणारं मूल जवळच राहणारं आहे की खरेदीला आलेल्या कुटुंबाचं? दोन्हींना हक्क आहे, पण दोन निष्कर्ष वेगळे निघतात. नुसतं डोकी मोजून हे कळणार नाही.

तिसरं: नवी मुलं आली की दुसऱ्या जागेवरची इथे सरकली? शेजारच्या, काहीही बदल न केलेल्या जागेची मोजणी नसेल तर सांगता येत नाही.

चौथं: साधन कोणतं वापरलं? बागांतला वापर मोजण्यासाठी ‘सोपार्क’ नावाची निरीक्षणपद्धत जगभर वापरली जाते. चांगली, तपासलेली पद्धत आहे. पण तिच्यात ‘मूल’ हा गट जन्मापासून बारा वर्षांपर्यंतचा आहे. तीन वर्षांची मुलगी आणि सहावीतला मुलगा एकाच रकान्यात. हे साधन जसंच्या तसं उचललंत तर तुमचा मुख्य प्रश्न डेटा येण्याआधीच बाद. गट फोडावा लागेल, आणि फोडल्यावर दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळतात का, हे पुन्हा तपासावं लागेल.

मुलाला कसं विचारायचं?

मुलांच्या सहभागावर लिहिताना रॉजर हार्टची १९९२ ची आठ पायऱ्यांची शिडी सगळे देतात. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना हाताळणं, शोभेला ठेवणं आणि नावापुरतं सामील करणं, यांना तो सहभाग मानतच नाही. चित्रकला स्पर्धा घेऊन ‘मुलांशी सल्लामसलत केली’ असं लिहिणारे अहवाल कोणत्या पायरीवर बसतात ते तुम्हीच ठरवा.

पण शिडी दोन वर्षांच्या मुलापर्यंत पोचते का? या क्षेत्रातले पायाभूत अभ्यास वय पाहून वाचा. केव्हिन लिंचचा १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला युनेस्कोचा ‘ग्रोइंग अप इन सिटीज’ प्रकल्प कुमारवयीन मुलांबद्दल होता. लुईस चावला यांनी संपादित केलेला त्याचा पुढचा टप्पा २००२ चा, त्यात बंगळूरची सत्यनगर वस्तीही आहे. तोही मोठ्या, बोलत्या मुलांबरोबरचा. ही पुस्तकं उत्तम आहेत. पण त्यांतला निष्कर्ष उचलून तीन वर्षांच्या मुलाला चिकटवणं चूक आहे, आणि ते सर्रास होतं, कारण शीर्षकात ‘मुलं’ असतं.

लहान वयासाठी ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘मोझेक’ पद्धत पाहा. तीन-चार वर्षांच्या मुलाने स्वतः जागा फिरवून दाखवायची, त्याने फोटो काढायचे, मग त्यावर गप्पा, आणि हे सगळं मोठ्यांच्या निरीक्षणाशी जोडून अर्थ लावायचा. वेळखाऊ आहे, सॅम्पल छोटं राहतं. गाईडने ‘सॅम्पल वाढवा’ म्हटलं तर नम्रपणे सांगा की दोनशे पालकांची प्रश्नावली दोनशे पालकांचं मत सांगेल, एकाही मुलाचं नाही.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो. बागेत एकट्या माणसाने वही घेऊन दुसऱ्यांच्या मुलांकडे तासभर पाहत बसणं लोकांना खटकतं, आणि खटकायलाच हवं. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी, पालिकेचं पत्र, गळ्यात ओळखपत्र, आधी दोन दिवस लोकांशी ओळख, आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो नाहीत, हे सगळं मेथडॉलॉजीच्या प्रकरणात सुरुवातीलाच आलं पाहिजे.

मग प्रश्न कसा मांडायचा?

‘पुणे शहरातील बालस्नेही उद्यानांचा अभ्यास’ हा विषय आहे, प्रश्न नाही. तोच जरा वळवून पाहा.

- अंगणवाडी सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत एका वस्तीतली तीन ते पाच वर्षांची मुलं कुठे आणि कुणाबरोबर असतात? त्यात बागेचा वाटा किती?
- पथविक्रेत्या स्त्रिया विक्री करताना मूल सांभाळण्यासाठी रस्त्यावरच्या कोणत्या वस्तू आणि जागा वापरतात? रस्त्याच्या पुनर्रचनेनंतर त्यांतल्या किती उरल्या?
- बागेची वेळ दुपारी वाढवली तर कोणत्या वयाचे आणि कोणत्या कामातले लोक नव्याने येतात?

पहिल्या प्रश्नासाठी महागडं काही लागत नाही. एक अंगणवाडी निवडा. सेविकाताईंची परवानगी घ्या. सांभाळणाऱ्या माणसांबरोबर घरापर्यंत चालत जा. मुलाच्या वेगाने चाला, आपल्या नाही. कुठे कडेवर घ्यावं लागलं, कुठे मूल थांबलं, कुठे ओढावं लागलं, याची नोंद करा. मोजपट्टी जवळ ठेवा. दुपारी एक वाजता सावली कुठे पडते ते पाहा. जवळचा वापरण्याजोगा संडास किती अंतरावर आहे ते मोजा. दहा मुलांबरोबर असं चाललात की मार्गदर्शिकेतलं कोणतं पान टिकतं आणि कोणतं गळून पडतं, हे तुम्हाला स्वतःच्या नोंदींवरून सांगता येईल.

माझं मत विचाराल तर ‘९५ सेंमी’ ही कल्पना टाकून देऊ नये. तिने निर्णय घेणाऱ्यांची मान खाली वळवली, हे मोठं काम आहे. पण चष्मा म्हणून तिचा उपयोग आहे, मोजपट्टी म्हणून नाही. आणि घाई करायला एक कारण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराची विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायची असते. त्या योजनेत बालवाडीसाठी राखलेला भूखंड प्रत्यक्षात येईपर्यंत, योजना मंजूर झाली तेव्हा जन्मलेलं बाळ मतदार झालेलं असतं. या वयातली मुलं थांबून राहू शकत नाहीत. म्हणून वीस वर्षांच्या नकाशापेक्षा या वर्षी बदलता येणाऱ्या गोष्टी, म्हणजे फाटकाची वेळ, फूटपाथचा उतार, अंगणवाडीसमोरचं पार्किंग, हातगाडीची जागा, यांवर पुरावा तयार करणारं संशोधन आज जास्त हवं आहे. असा पुरावा तीन वर्षांच्या पीएच.डी.त बसतो आणि वॉर्ड ऑफिसातल्या अभियंत्याला वाचताही येतो.

पुढच्या लेखात ‘सोपार्क’चा तक्ता शून्य ते सहा वयोगटासाठी कसा फोडायचा, आणि दोन निरीक्षकांच्या नोंदींची जुळणी कशी तपासायची, ते उदाहरण घेऊन पाहू. तोपर्यंत वरच्या तीन प्रश्नांपैकी एक निवडा आणि तुमच्या गावासाठी, तुमच्या शब्दांत, एका वाक्यात लिहून ठेवा. वाक्यात ‘बालस्नेही’ हा शब्द न वापरता लिहायचा प्रयत्न करा. जमलं तर समजा की तुमच्याकडे विषयासोबत प्रश्नही आहे.